जिताडा, तांबोशी, गोबरा आणि घोळ: खाडीतले सारखे दिसणारे मासे कसे ओळखावेत

कोकणातल्या खाड्यांमध्ये भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरणारे, रुंद तोंडाचे, काटेरी परांचे आणि अंगाने भरलेले काही मासे नवख्या माणसाला एकाच कुळातले वाटतात. धरमतरच्या खाडीत, रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी, बाणकोटला सावित्रीवर, दाभोळला वाशिष्ठीवर किंवा देवबागला कर्लीच्या संगमावर गळ टाकून बसलेल्याला एकाच भरतीत जिताडा, तांबोशी आणि गोबरा असे तिन्ही मासे लागू शकतात, आणि ते टोपलीत शेजारी शेजारी पडले की ओल्या अंगामुळे त्यांचे रंगही एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. हा लेख अशा वाचकांसाठी आहे ज्यांनी नुकतीच गळाने मासेमारी सुरू केली आहे, जे बाजारातून अख्खा मासा विकत घेतात, किंवा ज्यांना शेततळ्यात जिताड्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडायची आहेत. केंद्रस्थानी जिताडा ठेवला आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्याच्याच बाबतीत होतो आणि त्याची किंमतही त्या गोंधळाला कारणीभूत ठरते.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो. रंग आणि आकारमान या दोन गोष्टींवरून ओळख ठरवू नये. त्या शेवटी पाहाव्यात. आधी शरीराची रचना पाहावी, ती ठरलेल्या क्रमाने पाहावी, आणि निदान तीन खुणा एकाच माशाकडे बोट दाखवत असतील तरच नाव घ्यावे.

नावांबद्दल थोडेसे

रायगडात ज्याला जिताडा म्हणतात, तोच मासा सिंधुदुर्गात आणि पुढे गोव्यात चोणाक म्हणून विकला जातो, आणि काही ठिकाणी त्याला खजुरा असेही म्हणतात. शास्त्रात त्याचे नाव लॅटिस कॅल्कॅरिफर असे असून ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने १७९० साली त्याचे वर्णन केले. तांबोशी म्हणजे ल्युटजॅनस अर्जेंटिमॅक्युलॅटस. हेकरू आणि गोबरा ही नावे एपिनेफेलस या वंशातल्या अनेक जातींना सरसकट लावली जातात. घोळ म्हणजे प्रोटोनिबिया डायकँथस. बाजारात नाव विचारायला हरकत नाही, पण नावावर व्यवहार करण्याआधी मासा हातात घेऊन पाहावा. “मावशी, जरा पर उघडून बघू का?” असे नीट विचारले तर बहुतेक मासळीवाल्या स्वतःच मासा उचलून दाखवतात, आणि त्यांच्याकडून शिकायलाही पुष्कळ मिळते.

मासा कसा धरावा

मासा ओल्या फडक्यावर किंवा ओल्या फळीवर आडवा ठेवावा, त्याचे डोके आपल्या डाव्या हाताला असावे. नेहमी एकाच बाजूने पाहण्याची सवय लागली की डोळ्यांना फरक लवकर कळू लागतात. जिताड्याला कल्ल्यांच्या झाकणात बोटे घालून कधीही उचलू नये. त्या झाकणाची कड धारदार असते, खालच्या कोपऱ्यात एक मजबूत काटा असतो, आणि जिवंत माशाने एक हिसका दिला तरी बोट खोलवर कापले जाते. खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा. ही पकड फक्त जिताड्यासाठी आहे. तांबोशीच्या तोंडात सुळे असतात, त्यामुळे मासा कोणता हे ठरेपर्यंत तोंडात बोट घालू नये, चिमटा वापरावा.

पहिली पायरी: शेपटी

शेपटी पाहायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात निम्मे पर्याय बाद होतात. जिताड्याची शेपटी गोलसर, पंख्यासारखी उघडणारी असते. गोबऱ्याचीही गोलसरच असते, म्हणून या दोघांना शेपटीवरून वेगळे करता येत नाही. तांबोशीची शेपटी मागून सरळ छाटल्यासारखी किंवा मध्ये अगदी किंचित आत वळलेली असते. घोळीची शेपटी मधोमध टोक काढल्यासारखी असते. शेपटी खोल दुभंगलेली असेल आणि छातीच्या पराखाली दोऱ्यासारखे सुटे तंतू लोंबत असतील, तर तो रावस आहे आणि पुढच्या पायऱ्यांची गरजच नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. तळ्यात किंवा पिंजऱ्यात दाटीवाटीने वाढलेल्या माशांच्या शेपट्या एकमेकांच्या चाव्यांनी आणि जाळीच्या घर्षणाने झिजलेल्या असतात, त्यामुळे फाटक्या कडेवरून आकार ठरवू नये.

दुसरी पायरी: पाठीवरचा पर

सगळ्यांत भरवशाची खूण ही आहे, आणि नवख्याने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. पाठीवरच्या पराचे दोन भाग असतात. पुढच्या भागात कठीण, टोकदार काटे असतात आणि मागच्या भागात सांध्यासांध्यांच्या, टोकाशी फाटलेल्या मऊ काड्या असतात. काटा बोटाने वाकवला तर वाकत नाही, टोचतो. मऊ काडी वाकते आणि उजेडासमोर धरली तर तिच्यावर आडव्या बारीक रेघा दिसतात.

पुढचा काटा चिमट्याने उभा केला की त्याच्यामागचे काटे पडद्यासकट उभे राहतात. मग मोजायला सुरुवात करावी. जिताड्यात काटे सात ते नऊ असतात आणि त्यांच्यामागे दहा किंवा अकरा मऊ काड्या असतात. पहिला काटा इतका आखूड असतो की तो पराच्या मुळाशी खवल्यांमध्ये दडलेला राहतो, त्यामुळे मोजणी हमखास एकाने कमी भरते. म्हणून डोक्याकडून मागे बोट फिरवत सुरुवात करावी आणि पहिला टोचणारा बिंदू मोजणीत धरावा. तिसरा काटा सर्वांत लांब आणि जाड असतो. त्यानंतर काटे भराभर आखूड होत जातात, आणि काटेरी भाग व मऊ भाग यांच्यामध्ये इतकी खोल खाच पडते की पाठीवर दोन वेगळे पर आहेत असाच भास होतो. शेवटचा काटा या खाचेच्या पलीकडे, मऊ भागाला टेकलेला असतो. तोही मोजायचा.

तांबोशीत काटे दहा आणि मऊ काड्या तेरा किंवा चौदा असतात. दोन भागांमधली खाच उथळ असते, पर एकसंध दिसतो. गोबऱ्यात काटे अकरा असतात, मऊ काड्या साधारण चौदा ते सोळा असतात आणि दोन भागांमध्ये खोल खाच नसते. म्हणजे शेपटी गोल, काटे अकरा आणि पर सलग असेल तर तो गोबरा. शेपटी गोल, काटे सात ते नऊ आणि मध्ये खोल खाच असेल तर तो जिताडा. घोळीतही खाच खोल असते, त्यामुळे केवळ खाच पाहून फसगत होऊ शकते. घोळीच्या मऊ भागात बावीस ते पंचवीस काड्या असतात, म्हणून तो भाग लांबलचक, थेट शेपटीच्या देठापर्यंत गेलेला दिसतो. जिताड्याचा मऊ भाग आखूड आणि गोलसर असतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की हातभर अंतरावरूनही मोजणी न करता जिताडा आणि घोळ वेगळे सांगता येतात.

करकराही कधी कधी या गर्दीत सापडतो. त्याच्या पाठीवर साधारण बारा काटे असतात आणि तोंड अंगाच्या मानाने लहान असते.

तिसरी पायरी: पोटामागचा पर

गुदद्वारामागच्या पराचे काटे मोजावेत. जिताडा, तांबोशी आणि गोबरा या तिघांत ते तीन असतात. घोळीत आणि तिच्या ढोमासारख्या नातलगांत दोनच असतात. त्यामुळे ही पायरी घोळ बाजूला काढण्यापुरतीच उपयोगाची आहे, उरलेल्या तिघांत ती काहीच ठरवत नाही.

चौथी पायरी: डोके, तोंड आणि कल्ल्याचे झाकण

मासा बाजूने पाहिला की जिताड्याचे डोके टोकदार दिसते आणि डोळ्यांच्या वर कपाळाची रेषा आत दबलेली असते. तिथून पुढे पाठीची कमान एकदम वर चढते. मोठ्या जिताड्यात ही दबलेली रेषा इतकी ठळक असते की नुसती सावलीसारखी बाह्याकृती पाहिली तरी तो ओळखता येतो. तांबोशीचे कपाळ सरळ उतरते किंवा किंचित फुगीर असते.

जिताड्याचे तोंड मोठे आणि तिरके असते, आणि वरच्या जबड्याचे हाड डोळ्याच्या मागच्या कडेच्याही पलीकडे जाते. गोबऱ्याचे तोंडही मोठे असते, म्हणून इथे दातांकडे वळावे लागते. जिताड्याचे दात बारीक आणि दाट असतात आणि चिमट्याचे टोक त्यांच्यावरून फिरवले तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखे खरखरते. त्याला सुळे नसतात. तांबोशीला समोरच सुळे असतात आणि तोंड मिटलेले असतानाही ते कधी कधी दिसतात.

आता कल्ल्याचे झाकण जवळून पाहावे. हे झाकण एकसंध नसते, गालाकडची पुढची पट्टी आणि तिच्यामागचे रुंद झाकण असे त्याचे दोन भाग असतात. जिताड्याच्या पुढच्या पट्टीची उभी मागची कड करवती असते आणि ती जिथे खाली वळते त्या कोपऱ्यात एक मजबूत काटा असतो. मागच्या झाकणावर, जिथून पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने जाणारी बारीक छिद्रांची रेषा) सुरू होते त्याच्या जवळ, एक लहान काटा आणि दातेरी कडेची पाकळी असते. गोबऱ्याच्या मागच्या झाकणावर तीन चपटे काटे ओळीने असतात. कातडीखाली दडलेले असले तरी डोक्याकडून शेपटीकडे बोट दाबत नेले की ते हाताला लागतात. तांबोशीच्या झाकणावर असे ठळक काटे नसतात.

डोळाही पाहण्यासारखा आहे. जिवंत किंवा अगदी ताज्या जिताड्याचा डोळा सोनेरी-तपकिरी असतो आणि रात्री बॅटरीचा झोत पडला की तांबूस चमकतो. मात्र बर्फात राहिलेल्या माशाच्या डोळ्यावरून काहीही ठरवू नये.

पाचवी पायरी: खवले आणि पार्श्वरेषा

अंगाच्या बाजूने कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी बारीक छिद्रांची जी रेषा दिसते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली थरथर माशाला तिच्यामुळे कळते. तांबोशी आणि गोबरा यांच्यात ही रेषा शेपटीच्या मुळाशी थांबते. जिताड्यात ती शेपटीच्या परावरही पुढे जाते. शेपटी पाण्याने ओली करून पसरली आणि उजेडाकडे धरली की हे सहज दिसते. मात्र घोळीतही पार्श्वरेषा शेपटीच्या टोकापर्यंत जाते. जी खूण एका माशाला जिताड्यापासून वेगळे करते तीच दुसऱ्याला त्याच्याजवळ नेते. निदान तीन खुणा जुळाव्यात असे वर लिहिले आहे ते यासाठीच.

खवल्यांबाबत इतके पुरे आहे की जिताडा आणि तांबोशी यांचे खवले मोठे, स्पष्ट आणि हाताला खडबडीत असतात, तर गोबऱ्याचे बारीक आणि कातडीत रुतल्यासारखे असतात.

रंग शेवटी का

खाडीमुखाशी, खाऱ्या पाण्यात धरलेला जिताडा पाठीवर हिरवट-राखाडी आणि बाजूंनी चांदीसारखा लखलखीत असतो. तोच मासा गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात वाढला तर पाठ काळपट आणि बाजू सोनेरी-तपकिरी होतात. अलिबाग आणि पेण तालुक्यांतल्या खारेपाटात गावोगावच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. त्या तळ्यातला मासा आणि धरमतरच्या खाडीतला मासा शेजारी ठेवला तर अनुभवी नजरेलाही क्षणभर दोन जाती वाटतात. प्रत्यक्षात जात एकच असते.

तांबोशीचेही तसेच आहे. खोल पाण्यातली तांबोशी नावाप्रमाणे तांबूस असते, पण कांदळवनाच्या सावलीत वाढलेली तांबोशी हिरवट-तपकिरी दिसते आणि नवखा तिलाच तळ्यातला जिताडा समजतो. अशा वेळी रंगाचा विचार सोडून सरळ पाठीवरचे काटे मोजावेत. दहा काटे आणि उथळ खाच असेल तर प्रश्न मिटला.

रंग उपयोगी पडतो तो गोबऱ्यात. अंगभर नारिंगी-तपकिरी ठिपके असतील तर ती बहुधा एपिनेफेलस कॉइऑइडिस ही जात, आणि ठिपके काळसर असतील तर एपिनेफेलस मलबारिकस. या दोन जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की मेलेल्या, रंग उडालेल्या माशावरून नवख्याने त्यांच्यात निवाडा करू नये, गोबरा एवढीच नोंद करावी.

तांबोशीची जवळची भावंडे

खाडीत ल्युटजॅनस वंशातल्या आणखी काही जाती येतात. पाठीवर, मऊ पराच्या सुरुवातीखाली एक मोठा काळा डाग असेल आणि प्रत्येक खवल्यावर तपकिरी ठिपका असल्यामुळे अंगावर ठिपक्यांच्या रांगा दिसत असतील, तर तो ल्युटजॅनस जॉनाय. त्याच जागी काळा डाग आहे पण अंगावर सोनेरी-तपकिरी पट्टे लांबीने गेले आहेत, तर तो ल्युटजॅनस इंडिकस (पूर्वी यालाच ल्युटजॅनस रसेलाय म्हणत) असण्याची शक्यता जास्त. मोठेपणी हे डाग फिके होतात. डाग दिसला तर तांबोशी नाही असे म्हणता येते, पण डाग दिसला नाही म्हणून तांबोशीच आहे असे मात्र म्हणता येत नाही.

पिल्लांची ओळख

बोटुकली सोडणाऱ्यांनी हा भाग काळजीपूर्वक वाचावा. जिताडा पावसाळ्याच्या सुमारास खाडीमुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि पिल्ले भरतीबरोबर कांदळवनात, खाजणांत आणि बांधांआडच्या डबक्यांत शिरतात. या वयात ती मोठ्या जिताड्यासारखी मुळीच दिसत नाहीत. अंग तपकिरी, त्यावर अनियमित पांढुरके डाग, आणि डोक्यावर व मानेवर पांढऱ्या रेघा असतात. वाढ होते तशा या खुणा पुसल्या जातात. तांबोशीच्या पिल्लांच्या अंगावर वरून खाली जाणारे पांढुरके पट्टे नीट ओळीने असतात आणि डोळ्याखाली गालावर एक-दोन निळ्या रेघा असतात. निळी रेघ दिसली की ते पिल्लू जिताड्याचे नाही. गोबऱ्याची पिल्ले लहानपणापासूनच ठिपकेदार असतात.

खाडीतून गोळा केलेल्या पिल्लांत या सगळ्यांची सरमिसळ असते, आणि ती तशीच तळ्यात सोडली तर काही महिन्यांनी एकमेकांना खाऊन थोडीच उरतात. नुसत्या जिताड्याच्या पिल्लांतही मोठे लहानाला गिळते, म्हणून जात निवडून झाल्यावर आकारानेही वेगळी करावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलकृषी संशोधन संस्थेने १९९७ साली भारतात प्रथमच जिताड्याचे बीज बंदिस्त पाण्यात तयार करण्याचे तंत्र यशस्वी केले, त्यामुळे आज खात्रीच्या जातीची बोटुकली विकत मिळू शकतात. माझे मत असे की नव्याने शेततळे सुरू करणाऱ्याने खाडीतली पिल्ले न धरता अशीच बोटुकली घ्यावीत. निवडीचा त्रास वाचतो आणि खाडीतला साठाही शाबूत राहतो.

जात आणखी बारकाईने ठरवायची असेल तर

लॅटिस वंशाबाबत अभ्यासकांचे काम संपलेले नाही. २०१२ साली पेथियागोडा आणि गिल यांनी श्रीलंकेतून लॅटिस लकडिवा आणि म्यानमारमधून लॅटिस उविसारा अशा दोन नव्या जातींचे वर्णन केले. त्याआधी ते मासे लॅटिस कॅल्कॅरिफर म्हणूनच गणले जात होते. या जातींमधले फरक अंगाची खोली, खवल्यांच्या ओळी आणि पोटामागच्या पराच्या काट्यांची लांबी अशा मोजमापांत आहेत, आणि ते नुसत्या डोळ्यांनी पाहण्याचे काम नाही. खाडीकाठच्या माणसाने जिताडा एवढेच निश्चित करावे. मात्र नेहमीपेक्षा वेगळा वाटणारा मासा मिळाला तर त्याची नीट छायाचित्रे काढून रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी दाखवावीत.

ओळख पटल्यावर: कोणता मासा ठेवावा

ओळख पटण्याचा एक परिणाम असा की कोणता मासा सोडून द्यायचा हे ठरवता येते. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे, साधारण सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले अजस्र जिताडे जवळजवळ सगळे माद्या असतात आणि पुढच्या पिढीची अंडी त्यांच्याच पोटात असतात. गोबऱ्यात याच्या नेमके उलट घडते. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. तांबोशीचे लिंग असे बदलत नाही, पण ती अंडी घालायला खाडीबाहेर खोल समुद्रात जाते, त्यामुळे खाडीत सापडणारी तांबोशी बहुतेक वेळा अजून वयात न आलेली असते.

म्हणून हौसेने गळ टाकणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात लागलेला फार मोठा जिताडा छायाचित्र काढून परत सोडावा, आणि वीतभर तांबोशीही सोडावी. मधल्या आकाराचा जिताडा खाण्यासाठी उत्तम असतो आणि तो घेतल्याने मादीवर घाला पडत नाही. सोडायचा मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवावा, ओल्या हातांनीच धरावा, आणि पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी हलवीपर्यंत आधार द्यावा.

छायाचित्र काढताना

मासा डोके डावीकडे करून ठेवावा, पाठीवरचा पर चिमट्याने उभा करावा, शेपटी पसरावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. एक छायाचित्र पूर्ण अंगाचे, एक कल्ल्याच्या झाकणाचे आणि एक शेपटीचे, एवढी तीन पुरतात. ऊन थेट अंगावर पडले तर खवले चमकतात आणि पार्श्वरेषा हरवते, म्हणून सावलीत काढावे. वहीत तारीख, खाडीचे नाव, भरती होती की ओहोटी, आणि पाणी गढूळ होते की नितळ, हे लिहून ठेवावे.

तुकडे विकत घेताना

डोके, शेपटी आणि पाठीचा पर काढून टाकलेल्या तुकड्यांवरून या लेखातली जवळजवळ कोणतीच खूण पाहता येत नाही. कातडी असलेला तुकडा असेल तर मोठ्या खडबडीत खवल्यांच्या जागा दिसतात आणि त्यावरून गोबरा तेवढा बाजूला करता येतो. कातडी काढलेल्या पांढऱ्या मासावरून जिताडा, घोळ आणि गोड्या पाण्यातला बासा यांच्यात खात्रीने निवड करणे डोळ्यांच्या आवाक्यातले नाही. म्हणून जिताड्याचा भाव मोजायचा असेल तर मासा अख्खा पाहून निवडावा, शेपटी, काटे आणि गालाचा काटा तपासावा, आणि मगच तो समोर कापून घ्यावा.